हेळव्याच्या तोंडची जगदेवी

३ फेब्रुवारी १९३७, सोलापूर

निवृत्त होऊन आठ महिने झाले. एकतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या. आता तपासायला फक्त गौरम्माची आमटी उरली आहे, आणि ती रोज पास होते. म्हणून ही दैनंदिनी. इंग्रजीत लिहिणार होते, पण कॉन्व्हेंटात शिकलेलं माझं इंग्रजी फार सभ्य आहे. त्यात राग मावत नाही.

आजच्या रागाचं कारण चन्नवीर. हा माझा भाचा, अण्णाचा मुलगा, इथल्या कोर्टात कारकून आणि गौरम्माचा नवरा. निवृत्तीनंतर मला पुण्याहून आपल्या बिऱ्हाडी आणलं ते यानेच, तेव्हा त्याला बोलण्याचा हक्क मला आपोआप मिळालेला आहे.

मैंदर्गीच्या घरी हेळवी येणार आहे. सुगी झाली की चार-पाच वर्षांतून एकदा तो बैलावर बसून येतो, दारात थांबून घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणतो, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून घेतो, ज्वारी घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्या वेळी घरच्यांना हजर असावं लागतं. चन्नवीर, गौरम्मा आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा निघाले आहेत. मी म्हटलं, मीही येते.

चन्नवीरचा घास हातातच राहिला. "आत्या, तिकडं धूळ फार असती."

"इथे नाही?"

"तुम्हाला खोकला होईल."

"मला आयुष्यात खोकला झालेला नाही."

"म्हणूनच की. एकदम झाला तर जोराचा होतो."

कारकुनांना कारणं शोधायला पगार मिळतो. यापेक्षा बरं सापडायला हवं होतं. गौरम्मा काहीच बोलली नाही. ती बोलत नाहीच. एवढी अबोल मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला शेवटच्या बाकावर विसरून गेले असते.

५ फेब्रुवारी

चन्नवीरने आज तिसऱ्यांदा धूळ काढली.

खरं म्हणजे याला मी दोष देत नाही. बापाचं वळण. चौदा वर्षांची होते तेव्हा माझी हुशारी पाहून अण्णाने मला पुण्याला सिस्टरांच्या हवाली केलं. त्या काळात लिंगायताच्या विधवा मुलीला शिकवणारा भाऊ! हे मी चाळीस वर्षं सगळ्यांना अभिमानाने सांगत आले. पण शिकवल्यावर त्याला माझी लाज वाटू लागली, हे कोणाला सांगितलं नाही. मैंदर्गीला ये असं तो एकदाही म्हणाला नाही. भेटायचा तो पुण्याच्या स्टेशनवर, शेंगाचटणीचं गाठोडं माझ्या हातात देऊन पुढच्या गाडीने परत. पाकिटावर माझं नाव कधी नसायचं. पत्र मदरच्या नावाने, आत दोन ओळी. गेल्या वर्षी तो गेला, ते पत्रसुद्धा मला आठ दिवसांनी मिळालं. तोंडाने तर तो आयुष्यभर मुकाच. वाटलं असेल, बहीण बोलते तेवढं दोघांना पुरे.

९ फेब्रुवारी, मैंदर्गी

अक्कलकोट रोडला गाडीतून उतरून पुढे बैलगाडीने आलो. धूळ खरोखरच फार आहे. हे चन्नवीरला कळू देणार नाही.

चाळीस वर्षांनी घर पाहिलं. माझ्या आठवणीत ओटा माझ्या खांद्याएवढा होता. तो गुडघ्याएवढा निघाला. ओट्याने खचायचं काही कारण नाही, तेव्हा मीच वाढले असणार. मला ओळखणारं गल्लीत कोणी उरलं नाही. शेजारी पार्वतम्मा म्हणून एक बाई आहेत, चाळिशीच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. भिंतीवरून डोकावून त्यांनी मला तासाभरात चार वेळा पाहिलं. आमच्या शाळेची तपासणी याहून ढिलाईने व्हायची.

हेळवी गावात आला आहे. नाव धुळाप्पा. बसवण्णाच्या देवळापुढे लिंबाखाली उतरलाय, आठवडाभर दारोदार फिरेल. उद्या पहिल्यांदा म्हणून दाखवायचं, पुढच्या बुधवारी नवी नावं घालून पुन्हा, अशी रीत.

१० फेब्रुवारी

आज मी मेले.

क्रमाने लिहिते. सकाळी धुळाप्पा बैलावरून दारात आला. साठीचा माणूस, पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. मी वही आणि पेन्सिल घेऊन दाराच्या आत उभी राहिले. तोंडपाठ म्हणणाऱ्यांच्या चुका धरण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

त्याने कानडीत सुरुवात केली. मूळ पुरुष कुठून आला, त्याला मुलगे किती, कोणी विहीर खणली. पाणी लागलं नाही, तेही सांगितलं. कोणत्या लेकी कोणत्या गावी दिल्या. श्वासही नीट घेत नव्हता. मला एक चूक सापडेना, तेव्हा मी सनावळी नाही एवढा शेरा लिहून ठेवला. मग अण्णाचं नाव आलं. आणि पुढे, त्याच चालीत: त्याची पाठची बहीण जगदेवी. भीमेपलीकडे दिली. नांदायच्या आधीच कपाळ फुटलं. चौदाव्या वर्षी प्लेगात गेली.

कानडी आपण विसरलो असं मी समजत होते. पण स्वतःचं मरण माणसाला कोणत्याही भाषेत कळतं.

"साफ खोटं आहे हे!" मी मराठीत ओरडले. वर्गात ओरडायचे तसं.

धुळाप्पा थांबला. गल्ली थांबली. पार्वतम्मांनी चन्नवीरला विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

आणि माझा भाचा, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा म्हणाला, "आमच्या सोलापूरच्या शेजारीण. ऊन लागलंय त्यांना."

गौरम्माने दंड धरून मला आत नेलं आणि डोक्यावर ओला पंचा ठेवला. मेल्यावर इतकी सेवा होते हे माहीत नव्हतं.

११ फेब्रुवारी

चन्नवीरला समोर उभं केलं. दुसरीतल्या मुलासारखा अंगठ्याने जमीन उकरत होता.

"तुला माहीत होतं?"

"होय."

"मी मेले असं कोणी सांगितलं हेळव्याला?"

"अण्णांनीच. त्यांच्या हातूनच घातलंय ते."

"का?"

"मला एवढंच सांगितलं की जाताना. तिला सोलापूरला आण, सांभाळ, पण मैंदर्गीच्या दारात तिचं नाव काढू नको."

म्हणजे लाज नुसती वाटत नव्हती. तिची विल्हेवाट लावून झाली होती. मी शाळेत पहिली येत होते तेव्हा इथे माझी माती होऊन वर गवत उगवलं होतं. हजार तरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. त्यांच्या आयांना कळलं नाही की शिकवणारी बाई मयत आहे. काहींना शंका आली असेल, पण ती माझ्या चेहऱ्यावरून.

बुधवारी दुरुस्ती झालीच पाहिजे. सगळ्या गल्लीसमोर. मी याच घरची आहे हे त्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

१२ फेब्रुवारी

पुरावा घेऊन लिंबाखाली गेले. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी सरकारला आपण जिवंत असल्याचा कागद द्यावा लागतो. त्याची नक्कल माझ्या ट्रंकेत असते. धुळाप्पा बैलाला कडबा घालत होता.

"हे वाचा," मी म्हटलं.

"वाचाया येत न्हाय, अव्वा."

"मग ऐका. मामलेदारांची सही आहे. श्रीमती जगदेवी या आज रोजी हयात आहेत."

"आज रोजी म्हंजी कवा?"

"जुलैमध्ये."

"मग मदी सात म्हैनं गेलं की. मानसाचा काय भरवसा?"

मी कागद घडी करून ठेवला. मुलींना मी असंच गप्प करत असे. समोरून कसं वाटतं ते आज कळलं.

तो पुढे शांतपणे म्हणाला, "घरधनी दारात हुबा ऱ्हाऊन सांगतो, ते आमी घालतो. घातलेलं काडत न्हाय. तुमच्या अण्णानं सांगितलं, माज्या बापानं, बसप्पानं, घातलं."

"आता घरधनी चन्नवीर आहे. तो सांगेल."

"काय सांगंल? मेलेलं मानूस जित्तं झालं? मग माजा बाप खोटा पडतोय."

"पडू दे. खोटं बोलला तर पडायलाच हवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी

बुधवारचं भाषण लिहिलं. तीनदा. पहिल्यात मी रोमपासून सुरुवात केली होती, ती काढली. दुसऱ्यात अण्णाबद्दल जे लिहिलं होतं ते मोठ्याने वाचवेना, म्हणून काढलं. तिसरं ठीक आहे. त्यात फक्त धुळाप्पा आणि त्याचा बाप आहेत.

चन्नवीर जेवला नाही. गौरम्माने माझ्या पानात दोनदा भाकरी वाढली आणि कागदांकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. तरी मी कागद उलटे ठेवले.

१४ फेब्रुवारी

दुपारी धुळाप्पा परसदाराने आला. बैल नाही, मुंडासं नाही. गोठ्याच्या उंबऱ्याशी बसला. चन्नवीर मुलाला घेऊन शेतात गेला होता. गौरम्मा भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

"अव्वा, तुमी बुदवारी बोलनार म्हनं."

"बोलणार."

"मग आदी ऐका. बापानं हे माज्या पोटात घातलं, भाईर काडू नगं म्हनला. पन तुमी चाळीस दारांम्होरं त्येला खोटं पाडनार, मग झाकून काय करू?"

त्याने जे सांगितलं ते लिहून ठेवते. माझा नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला मागितलं होतं. थोरल्या दिराशी उडकी लावायची, म्हणजे दुसरं लग्न. दीर पंचेचाळीसचा, घरात आधीच दोन बायका. सासरा पाटील होता, माणसं पाळून असलेला. अण्णा नाही म्हणाला. ते म्हणाले, आमची सून आहे, उचलून नेऊ. एका सकाळी माळरानाने आठ माणसं आली. तोवर अण्णा मला पुण्याला सोडून परतला होता. पण पुण्याला माणूस पाठवून शोध घेणं पाटलाला अवघड नव्हतं. ते प्लेगाचं वर्ष. गाव निम्मं बाहेर झोपड्यांत.

"माजा बाप त्या टायमाला हितंच व्हता," धुळाप्पा म्हणाला. "तुमच्या अण्णानं त्येचं पाय धरलं. बाप न्हाय म्हनला. दोन दिस न्हाय म्हनला. मग ती मानसं दारात आली तवा बैलावर बसला, सात पिढ्या म्हनला, आनि शेवटाला म्हनला, जगदेवी फ्लेगात गेली. तुमच्या सासऱ्यानं पटका काडला आनि गेला मागारी. हेळवी बोलला म्हनल्यावर कोन इचारतंय?"

मी विचारलं, "सासरा मेल्यावर? दीर मेल्यावर? तेव्हा का नाही काढलं?"

"कसं काडायचं? आमच्या तोंडावर वाटन्या हुत्यात, सोयरिकी हुत्यात. कोन कुनाचा ल्योक ते आमी सांगायचं. एक नाव खोटं निगालं तर बारा गावांत जो तो म्हननार, माज्या घरचं बी खोटंच असंल. मग आमी बैल घिऊन कुनाच्या दारात जायचं? अण्णानं बापाला शबुद दिला व्हता. तिला पुन्ना ह्या दारात आननार न्हाय. तुजी जीभ खरी ऱ्हाईल. पाळला त्येनं."

तो उठून गेला. मी गोठ्यात बसून राहिले. गौरम्मा एकच तांब्या घासत होती, बराच वेळ.

हुशारी पाहून अण्णाने मला पुण्याला नेलं! तेव्हा मला बाराखडीसुद्धा पुरी येत नव्हती. हे मला कधी खटकलं कसं नाही? एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरांतल्या चुका काढत होते.

१५ फेब्रुवारी

आमटी तिखट होती. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी

भाषण चुलीत घातलं. ओल्या शेणीवर कागद पेटेनात. माझं लिहिलेलं शेवटपर्यंत हट्टी.

लिंबाखाली गेले. धुळाप्पाला म्हटलं, "मी मेलेलीच बरी आहे. तसंच राहू द्या. पण नाव स्पष्ट म्हणा. परवा तुम्ही मधलं अक्षर खाल्लंत."

त्याने घोंगडं झटकून माझ्यासाठी अंथरलं. मग म्हणाला, "जेवला का, अव्वा?"

मी म्हटलं, मेलेल्यांना जेवण कसलं. तो हसला नाही. गौरम्माने मला त्याच्यासाठी दुपारची भाकरी घेऊन पाठवलं होतं, त्या निमित्ताने आले आहे, असं मी सांगितलं, आणि फडकं तिथेच ठेवून परतले. घरी येऊन पाहते तर गौरम्मा नव्हती. तासाभराने आली. विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, "देवळाकडं. फडकं आनाया." फडक्यासाठी तास लागतो का? पण मी विचारलं नाही. आज तपासणीला सुट्टी दिली होती.

१७ फेब्रुवारी

सगळी गल्ली जमली. चन्नवीर दारात उभा राहिला, पांढरा पडलेला. मी बुधवारी बोलणार नाही हे त्याला सांगायचं मी विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते. थोडी शिक्षा हवीच होती. मी ज्वारीचं सूप घेऊन मागे, शेजारणीने उभं राहावं तशी उभी होते.

धुळाप्पा म्हणू लागला. मूळ पुरुष, विहीर, लेकी, अण्णा. जगदेवी, चौदाव्या वर्षी प्लेगात गेली. अक्षर न् अक्षर स्पष्ट. मी मान खाली घातली. स्वतःसाठी दुखवटा पाळायची संधी सगळ्यांना मिळत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती चौदा वर्षांची पोर आठवली आणि वाईट वाटलं. मला वाटतं, त्या प्लेगात ती खरंच गेली असावी.

मग त्याने बैल थांबवला. "चन्नवीरधनी, मागल्या खेपंपासनं घरात काय वाडलं?"

चन्नवीरने मुलाचं नाव सांगितलं. धुळाप्पाने ते साखळीत गुंफून म्हणून दाखवलं. मला वाटलं, संपलं.

"आनि लेक?" तो म्हणाला.

चन्नवीरने तोंड उघडलं. त्याला लेक नाही.

दारामागून गौरम्मा म्हणाली, "हाय की. एक लेक हाय."

आठ महिन्यांत मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

"नाव?"

"जगदेवी."

गल्लीत कोणाला नवल वाटलं नाही. गेलेल्या आत्याचं नाव लेकीला ठेवणं ही आमच्याकडची रीतच. नवल वाटलं ते फक्त मला. सूप हातात वाकडं झालं आणि ओंजळभर ज्वारी उंबऱ्यावर सांडली.

धुळाप्पा चन्नवीरकडे वळला. "व्हय का, धनी? तुमी सांगा. तुमच्या तोंडानं घालतो."

चन्नवीरने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता धूळ काढतो. पण तो म्हणाला, "व्हय. जगदेवी. माझी लेक. घाला."

आणि धुळाप्पाने घातलं. मूळ पुरुषापासून सरळ खाली येत: अण्णाचा चन्नवीर, चन्नवीराची जगदेवी. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

अशी मी आज पंचावन्नाव्या वर्षी या घरात जन्मले. माझी आई चौतीस वर्षांची आहे आणि सांडलेली ज्वारी गोळा करत होती.

पुढे होऊन सुपातली ज्वारी मी धुळाप्पाच्या पोत्यात ओतली. तेवढ्यात पार्वतम्मा गौरम्माला खेटून उभ्या राहिल्या. "अग्गं, लेक झाली न् सांगितलं न्हाईस? आनली न्हाय व्हय?"

"सोलापूरलाच ठिवली," गौरम्मा म्हणाली. "लई हट्टी हाय. प्रवास सोसत न्हाय तिला."

हे म्हणताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. या मुलीला मी शेवटच्या बाकावर बसवणार होते!

मग पार्वतम्मांनी मोहरा माझ्याकडे वळवला. "तुमी शेजारच्या. तुमी बगितली असंल की. कशी हाय पोर? रडती का लई?"

"रडत नाही," मी म्हटलं. "बोलते फार."

"आत्तापासनं? कुनाच्या वळनावर गेली म्हनायची?"

चन्नवीर बघत होता. गौरम्मा बघत होती. धुळाप्पा बैलावर चढता चढता थांबला होता.

"आजोबांच्या," मी म्हटलं.

"अण्णांच्या?" पार्वतम्मा हसल्या. "काय तर बोलताय, बाई! त्यो मानूस तर पाक मुका. तोंडातनं शबुद काडायचा न्हाय."

"तीही शिकेल," मी म्हटलं. "अजून लहान आहे."